फोटोवाला यायच्या आधी घरात काय काय करायचं?

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की घर विकायला किंवा भाड्याने द्यायला काढताना जाहिरातीतले फोटो घाईघाईत काढू नका, आधी घराकडे एक दिवस द्या. त्यावर एवढे प्रश्न आलेत की सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, त्यातले वारंवार आलेले सहा घेतलेत. मी पुण्यात राहते आणि घरांचे फोटो काढणं हेच माझं काम आहे, त्यामुळे जे सांगतेय ते लोकांच्या घरात हातात फडका घेऊन शिकलेलं आहे.

प्रश्न : डोंबिवली पूर्वेला आमचा वन बीएचके आहे, कार्पेट ४१०. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि मुलगा असे पाच जण राहतो. एजंटने मोबाइलवर फोटो काढले त्यात घर नुसतं अडगळीचं दिसतंय. तो म्हणतो वाइडने काढू, मोठं दिसेल. मला ते पटत नाहीये पण घर लवकर विकायचंय. काय करू?

ताई, तुम्हाला पटत नाहीये ते बरोबर आहे, त्यावर ठाम राहा. मोबाइलमधलं ते ०.५ बटण दाबलं की खोली ताणली जाते, कडेला असलेला सोफा दिवाणाएवढा लांब दिसतो आणि दारापासून खिडकीपर्यंतचं अंतर दुप्पट वाटतं. फोटो बघून माणूस खुश होतो, रविवारी बायको-मुलांना घेऊन लोकलच्या गर्दीतून येतो आणि तुमच्या दारात उभं राहिल्यावर त्याचा चेहरा पडतो. मग घर कितीही चांगलं असू दे, त्याच्या डोक्यात फसवल्याची भावना बसलेली असते, ती काही केल्या जात नाही.

हे मी डोळ्यांनी बघितलंय. सिंहगड रोडला एका घरी पुन्हा फोटो काढायला मला बोलावलं होतं, आधीचे कुठल्या तरी एजंटने ताणून काढलेले. मी तिथे असतानाच एक कुटुंब घर बघायला आलं, नगरहून एसटीने, टेप सोबत घेऊन, कारण त्यांचं सहा फुटी कपाट बेडरूममध्ये बसतंय का तेवढंच बघायचं होतं, बाकी सगळं फोटोत पसंत होतं. फोटोत ती भिंत आठ-नऊ फुटांची वाटत होती, टेप लावली तर साडेपाच भरली. त्या गृहस्थांनी टेप गुंडाळली, खिशात ठेवली, बरं येतो म्हणाले आणि पाणीसुद्धा न घेता गेले. घरमालकीण हातात ट्रे घेऊन तशीच उभी.

तेव्हा लेन्सने मोठं करायचं नाही, जमीन मोकळी करून मोठं दाखवायचं. खोलीत जेवढी लादी दिसते तेवढी खोली मोठी वाटते, हे एवढं लक्षात ठेवलंत तरी अर्धं काम झालं. आता तुम्ही म्हणाल पाच माणसांचं सामान नेऊ कुठे. त्यासाठी मी लहान घरात नेहमी एक करते, ज्या खोलीचा फोटो चालू नाही ती खोली गोडाऊन. हॉलचे फोटो काढताना हॉलमधलं जास्तीचं सगळं बेडरूममध्ये, बेडरूम काढताना तेच सगळं हॉलमध्ये, ड्राय बाल्कनी सगळ्यात शेवटी. ४१० मध्ये हे सगळं दोन-अडीच तासात होतं, फक्त उचलायला एक जादा माणूस हवा, भाऊ नाहीतर शेजारचा मुलगा कुणीही.

हॉलमधून काय काढायचं तर दारातल्या चपला (स्टँडवरच्या पण), टीपॉयवरचे पेपर, रिमोट, औषधांचा डबा, टीव्हीखाली लोंबणाऱ्या वायरी, भिंतीवरचं कालनिर्णय, खुर्चीच्या पाठीवर टाकलेले टॉवेल. सासूबाईंची कॉट हॉलमध्ये असेल तर ती मात्र हलवू नका, हलवायला जागाही नसेल आणि त्यांना उगाच वाटेल की आपण अडचण आहोत. कॉटवर एक साधी इस्त्री केलेली फिक्या रंगाची चादर घाला, कॉटखालच्या बॅगा काढा, बस. येणाऱ्यालाही कळतं की इथे एक कॉट मावते, त्याच्याही घरी आई-वडील असतील.

किचनवर सगळ्यात जास्त वेळ द्या. घर बघायला येणाऱ्या बायका आधी ओटा बघतात, फोटोतसुद्धा तो मोठा करून बघतात. शेगडीच्या मागच्या टाइल्सवर फोडणीचे पिवळे शिंतोडे असतात ना, रोजच्या नजरेला ते दिसत नाहीत कारण आपण त्यांच्यासोबत राहतो, पण कॅमेरा ते पहिले पकडतो, वरून ट्यूबचा उजेड पडला की ते चमकतात. आदल्या रात्री गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून फडका पिळून त्या टाइल्सवर दहा मिनिटं चिकटवून ठेवा आणि मग पुसा, खरडायला लागत नाही. नळाला क्षाराचे पांढरे डाग असतील तर लिंबाची साल चोळा, पण ओटा कडाप्प्याचा असेल तर लिंबू, व्हिनेगर त्याला अजिबात लावू नका, कडाप्पा चुनखडीचा दगड आहे, आंबटाने त्यावर फिकट चट्टा पडतो तो जन्मात जात नाही. मार्बललाही तेच. कडाप्पा स्वच्छ पुसून, कोरडा करून फडक्यावर दोन थेंब खोबरेल घेऊन फिरवा, काळाभोर दिसतो. ओट्यावर शेगडी आणि फार तर एक स्टीलचा तांब्या किंवा कोथिंबिरीची जुडी, बाकी मिक्सर, तेलाची बरणी, मसाल्याचा डबा, घासणी, सगळं ट्रॉलीत. फ्रिजवरचे मॅग्नेट, डॉक्टरांची चिठ्ठी, क्लासचं टाइमटेबल काढा. पिण्याच्या पाण्याचं पिंप चकचकीत असेल तर राहू द्या, छान दिसतं.

बाथरूममधून बादली, मग, स्टूल, ब्रश, झाडू, साबणाचे तुकडे सगळं बाहेर, कमोडचं झाकण खाली, लादी पूर्ण कोरडी. घरभरची लादी पण आदल्या संध्याकाळीच पुसा, फोटोच्या आधी पुसलीत तर ओलीवर उजेडाचे पट्टे दिसतात आणि ते डागांसारखे वाटतात.

आणि जाहिरातीत कार्पेट ४१० असं स्पष्ट लिहा, सोबत साधा हाताने काढलेला का होईना पण मापांसकटचा प्लॅन टाका. रेराच्या, म्हणजे घरबांधणी व्यवहारांच्या कायद्याच्या, व्याख्येत कार्पेटमध्ये बाल्कनी धरत नाहीत, आतल्या पार्टिशनच्या भिंती धरतात, त्यामुळे बाल्कनी हॉलमध्ये घेतली असेल तर तेही लिहा. प्लॅन बघून जो येईल तो आपलं कपाट मनात बसवूनच येईल, आणि असे तीन जण आले तरी चालतील, नुसते बघून जाणारे तीस नकोत.

प्रश्न : ठाण्यात टू बीएचके आहे, सातवा मजला, टेरेसचा संबंध नाही. बेडरूमच्या कोपऱ्यात वरच्यांच्या बाथरूममधून ओल उतरलीय. पेंटर म्हणतो पुट्टी मारून दोन हात देतो, एजंट म्हणतो फोटोतच काढून टाकू. यातलं कुठलं बरं?

काका, दोन्ही नको. आधी गळती थांबवा. ओल्या भिंतीवर रंग दिला की थोड्याच दिवसात पोपडे येतात आणि पोपडे आलेली भिंत नुसत्या ओल्या भिंतीपेक्षा जास्त घाबरवते, बघणाऱ्याला वाटतं हे लपवायचा प्रयत्न झालाय म्हणजे अजून काय काय लपवलंय. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची आणि बाहेरच्या भिंतींची गळती सोसायटीने दुरुस्त करायची आणि संडास-बाथरूमची आतली गळती संबंधित फ्लॅटवाल्यांनी, त्यामुळे वरच्यांशी गोडीत बोला, सेक्रेटरींना पत्राची प्रत द्या. बहुतेक वेळा नहाणी ट्रॅपच्या भोवती किंवा टाइल्सच्या सांध्यातून पाणी उतरतं, प्लंबर एका दिवसात सांगतो. भिंत पूर्ण वाळू द्या, मग रंग, मग फोटो.

दुरुस्तीला वेळ लागणार असेल आणि घर तोपर्यंत थांबू शकत नसेल तर बेडरूमचा फोटो जसा आहे तसा काढा आणि खाली एक ओळ लिहा, वरच्या बाथरूमची गळती आहे, काम अमुक महिन्यात होणार. असं लिहिणारे फार थोडे असतात त्यामुळे लोक उलट विश्वासाने फोन करतात.

फोटोत काय बदलायचं आणि काय नाही याचा माझा नियम साधा आहे. जे घर सोडून जाताना तुमच्यासोबत जाणार आहे ते काढलं तर चालतं, म्हणजे राहिलेली कचऱ्याची बादली, भिंतीवरचं घड्याळ. जे घरासोबत राहणार आहे ते काढायचं नाही. ओल, तडा, हॉलमधला मधला पिलर, खिडकीसमोरची बिल्डिंगची भिंत, मोबाइल टॉवर, गच्चीवरून जाणारी हायटेन्शनची तार, यातलं काहीही पुसायचं नाही. उजेड वाढवणं, भिंती सरळ करणं, ट्यूबमुळे आलेला निळसरपणा घालवणं हे सगळं चालतं. हल्ली रिकाम्या खोलीत कॉम्प्युटरवर सोफा, गालिचा टाकून देतात, तसं केलंत तर फोटोवरच लिहा की सजावट कॉम्प्युटरवर केलेली आहे आणि शेजारी रिकाम्या खोलीचा खरा फोटोही ठेवा.

प्रश्न : देवघर फोटोत घ्यावं का? आई म्हणते देव जाहिरातीत नकोत.

आईंचं ऐका. देवघर घेतलंच पाहिजे असं काही नाही, त्या भिंतीकडे पाठ करून फोटो काढता येतो. आपल्याकडे लोकांना देवघराला जागा आहे का हे मात्र नक्की जाणून घ्यायचं असतं, तर ते जाहिरातीत शब्दांत लिहा, पूर्वेच्या भिंतीला देवघराची जागा आहे असं. देव्हारा फोटोत येतच असेल आणि हलवायचा नसेल तर पूजा झालेली असू द्या, ताजी फुलं असू द्या, समई विझलेली असली तरी चालेल, जुनं निर्माल्य आणि उदबत्तीची राख तेवढी काढा. कुणी फोटोवाला देव उचलून बाजूला ठेवायला लागला तर त्याला स्पष्ट सांगा हात लावू नका म्हणून, मी स्वतः कुणाच्याही घरात देवांना हात लावत नाही, घरच्यांनाच सांगते.

प्रश्न : नाशिकला आमचा फ्लॅट भाड्याने दिलाय, आम्ही पुण्यात. आता विकायचाय. भाडेकरू फॅमिली चांगली आहे पण फोटोचं म्हटलं की टाळतात. त्यांना घर आवरा असं कसं सांगणार?

सांगूच नका. करार चालू आहे तोवर ते त्यांचं घर आहे आणि आपलं घर कुणीतरी परक्याने येऊन फोटोत घ्यावं हे कुणालाच आवडत नाही, त्यातून घर विकलं गेलं की त्यांनाच मुलांची शाळा बघत दुसरीकडे जावं लागणार, त्यांची टाळाटाळ मला समजते. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात मालकाने आधी कळवून घर बघायला येण्याचं कलम बहुतेक वेळा असतं, ते वाचून ठेवा पण सुरुवात त्या कलमाने करू नका.

फोनवर नाही, स्वतः जा. त्यांना पहिल्यांदा हे सांगा की कराराची मुदत पूर्ण होईपर्यंत तुम्हाला कुणी उठवणार नाही, घेणाऱ्यालाही ही अट सांगूनच व्यवहार करू. मग त्यांच्या सोयीचा दिवस आणि वेळ त्यांनाच ठरवू द्या, चार दिवस तरी आधी. साफसफाईला एक बाई तुमच्या खर्चाने पाठवा, त्यांच्या गृहिणीने तुमच्या विक्रीसाठी जाळ्या पुसत बसायचं हे बरोबर नाही. कपाटं उघडायची नाहीत, त्यांच्या बेडरूमचा फोटो नको म्हणाले तर नको, रिकामी असतानाचे तुमच्याकडे जुने फोटो असतील ते वापरा. काढलेले सगळे फोटो जाहिरातीत टाकायच्या आधी त्यांना दाखवा, त्यांचा फॅमिली फोटो किंवा मुलांच्या वस्तू दिसत असतील तर ते काढून टाका.

ते दोन-तीन महिन्यात सोडणारच असतील तर थांबा. रिकामं घर फोटोत थोडं उदास दिसतं आणि बघणाऱ्याला मापाचा अंदाज येत नाही, त्यावर उपाय म्हणून हॉलमध्ये एक साधी खुर्ची आणि बेडरूममध्ये एक गादी किंवा चटई टाकून फोटो काढा, तेवढ्याने खोली केवढी आहे ते डोळ्यांना कळतं. रिकाम्या घरात खिळ्यांची भोकं फार दिसतात, ती आधी बुजवा.

प्रश्न : कोल्हापुरात चांगला फोटोग्राफर बोलवायचा तर खर्च आहे, मोबाइलवर आपले आपण काढले तर चालतील का? आणि मुलं लहान आहेत, घराचे फोटो असे सगळ्या जगाला दाखवायची थोडी भीती पण वाटते.

मोबाइल चालेल, मनापासून सांगतेय. घर आवरलेलं असेल आणि उजेड चांगला असेल तर नवा-जुना कुठलाही मोबाइल चालतो, आणि पसारा असेल तर महागातला कॅमेरा पण काही करू शकत नाही. मोठं घर असेल, बंगला असेल, खिडकीबाहेर डोंगर किंवा नदी असेल आणि आतलं बाहेरचं दोन्ही एका फोटोत नीट दिसायला हवं असेल तर फोटोग्राफर बोलवा, कारण आम्ही त्यासाठी कमी-जास्त उजेडाचे तीन ते पाच फोटो काढून ते एकात एक मिसळतो, ते घरी जमवणं कठीण आहे.

मोबाइलवर काढताना लेन्स आधी रुमालाने पुसा, निम्मे फोटो धुरकट येतात ते बोटांच्या तेलामुळे. फोन आडवा धरा. कॅमेऱ्यात ग्रिड चालू करा आणि दाराची चौकट त्या उभ्या रेषेला समांतर येतेय का बघा, नाहीतर भिंती आत पडल्यासारख्या दिसतात. फोन डोळ्यांशी धरायचा नाही, छातीशी धरायचा, साधारण चार फुटांवर, डोळ्यांच्या उंचीवरून काढलं की छत आणि ट्यूबच जास्त येते आणि खालचं सगळं दबतं. किचनमध्ये थोडा वर, म्हणजे ओट्याचा वरचा भाग दिसेल इतपत. खोलीच्या कोपऱ्यात किंवा दारात पाठ टेकवून उभे राहा आणि कॅमेरा ०.५ वर न नेता १ वरच ठेवा, बसतच नसेल तर एका खोलीचे दोन फोटो काढा. पंखे बंद, टीव्ही बंद. कपाटाच्या आरशात तुम्ही दिसताय का हे प्रत्येक फोटोनंतर बघा, तिरके उभे राहिलात की आरशात भिंत येते.

उजेडाचं जरा सविस्तर सांगते कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. हॉलच्या खिडक्या पूर्वेला असतील तर थेट ऊन आत असतानाची सकाळची वेळ टाळा, ऊन वर चढून खिडकीतून सरकलं की दहा-अकराच्या सुमाराला काढा. पश्चिमेच्या खिडक्या असतील तर उलट, सकाळी उरकून घ्या. ग्रिलमधून थेट ऊन आलं की लादीवर काळे-पांढरे पट्टे पडतात आणि त्यात खोली दिसतच नाही. दक्षिणेच्या खिडकीचं ऋतूवर आहे, डिसेंबरात दुपारी सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो त्यामुळे ऊन चांगलं आत येतं, तेच मेच्या मध्यावर आपल्याकडे बारा-साडेबाराला तो अगदी डोक्यावर असतो, खोलीत थेट ऊन शिरतच नाही. उत्तरेच्या खिडक्या असतील तर नशीबवान आहात, दिवसभर केव्हाही काढा. पडदे पूर्ण बाजूला, मच्छरजाळी सरकवून ठेवा, ती बराच उजेड खाते, काचा आतून-बाहेरून पुसा. बल्ब लावायचे असतील तर घरभर एकाच रंगाचे लावा, एका कोपऱ्यात पिवळा आणि एका कोपऱ्यात पांढरा असला की भिंतीचा रंग प्रत्येक फोटोत वेगळा येतो.

आता भीतीबद्दल, ती अजिबात चुकीची नाही. मुलांचे युनिफॉर्ममधले फोटो, शाळेचा बॅज, ट्रॉफीवरचं नाव, क्लासची बॅग हे सगळं फोटोआधी आत जाऊ दे. भिंतीवरची डिग्री, टेबलावरचं लाइट बिल, बँकेचं पाकीट, कुरिअरचं खोकं, यावर नाव-पत्ता असतो आणि फोटो मोठा केला की वाचता येतो. दाराजवळच्या खिळ्याला अडकवलेल्या किल्ल्या काढा, किल्लीचे दात फोटोत स्पष्ट दिसतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा, नाहीतर प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तुमच्या घराची जागा नोंदली जाते आणि तोच फोटो कुणाला थेट पाठवला तर ती त्याच्याकडे जाते. तिजोरीचं कपाट, कुलपांचे क्लोजअप, सीसीटीव्ही कुठे लावलाय हे काही दाखवायची गरज नाही. जाहिरातीत एरिया आणि मजला लिहा, फ्लॅट नंबर फोनवर बोलणं झाल्यावर. व्यवहार झाला की जाहिरात काढून टाकायची आठवण ठेवा, लोक हमखास विसरतात आणि विकलेल्या घराचे फोटो कितीतरी महिने तसेच राहतात, त्यात आता दुसरंच कुटुंब राहत असतं.

प्रश्न : रत्नागिरी तालुक्यात आमचं वडिलोपार्जित घर आहे, जांभ्याचं, कौलारू, पाठीमागे थोडी बाग. आई गेल्यावर तिथे कुणी राहत नाही, आम्ही तिघं भावंडं मुंबईत. विकायचं ठरलंय. फोटो कधी आणि कसे काढावेत? जुनं घर फोटोत चांगलं दिसण्यासाठी टाइल्स, रंग वगैरे करून घ्यावा का?

टाइल्स नका घालू. कोकणातलं जुनं घर घेणारा माणूस जांभा, कौलं, लाकडी खांब याच्यासाठीच येतो, त्याला टाइल्स हव्या असतील तर तो त्याच्या आवडीच्या घालील. जाळ्या झाडा, कौलं फुटली असतील तेवढी बदला, खांब ओल्या फडक्याने पुसा, अंगण झाडून सारवून घ्या. पावसाळ्यात पडवीला बांधलेलं निळं प्लास्टिक राहिलं असेल तर ते उतरवा, त्या निळ्या रंगाने सगळे फोटो मरतात. भिंतीवर आणि पायऱ्यांवर शेवाळ असेल तर ताठ ब्रशने घासून काढा.

वेळ म्हणाल तर पाऊस संपल्यावर दसरा-दिवाळीच्या आसपास, हिरवं असतं, हवा धुतलेली असते आणि अंगण वाळलेलं असतं. पण विहिरीचा फोटो मे महिन्यातला ठेवा. बाहेरून येणारा पहिला प्रश्न पाण्याचाच विचारतो आणि ऑक्टोबरात भरलेली विहीर सगळ्यांचीच असते, मे अखेरीला तळाशी किती पाणी आहे ते दाखवलंत की त्याला खरं उत्तर मिळतं, मग ते कमी असो वा जास्त. घरापर्यंत गाडी येते का, शेवटचा रस्ता कसा आहे, गडगा (दगडी कुंपण) कुठून कुठपर्यंत आहे याचेही फोटो हवेत, शहरातल्या माणसाला हे कळत नाही आणि विचारायचं सुचतही नाही. ड्रोनने काढायचे असतील तर आधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी वेबसाइटच्या नकाशावर तुमचा भाग कुठल्या झोनमध्ये येतो बघा, रत्नागिरीला विमानतळ आहे. आणि बाग सातबाऱ्यावर शेतजमीन म्हणून असेल तर महाराष्ट्रात ती साधारणपणे शेतकरी असलेल्यालाच विकत घेता येते, हे जाहिरातीतच लिहा, नाहीतर लोक मुंबईहून रात्रभर प्रवास करून येतील आणि मग त्यांना हे कळेल.

आतले फोटो जरा अवघड आहेत कारण माजघर अंधारं असतं. तिथे फ्लॅश मारू नका, फ्लॅशने सारवलेली जमीन आणि काळे वासे सपाट, भकास दिसतात. छपरात काचेचं कौल असेल तर दिवसातून थोडा वेळ त्यातून उन्हाचा खांब सरळ जमिनीवर उतरतो, ती वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा. मग मागचं-पुढचं दार उघडा, फोन स्टुलावर किंवा तिकाटण्यावर टेकवा, टायमर लावा आणि हात न लावता फोटो येऊ दे. अंधार थोडा राहिला तर राहू द्या, माजघर तसंच असतं.

आता एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण मी सांगणार आहे. हे सगळं आवरायच्या आधी, म्हणजे झाडू हातात घ्यायच्याही आधी, तिघं भावंडं मिळून एक दिवस जा आणि घर जसं आहे तसं फोटोत घ्या. आई-वडिलांचे हार घातलेले फोटो, खुंटीवरची पिशवी, दारावर पेन्सिलने केलेल्या तुमच्या उंचीच्या खुणा, फळीवरच्या लोणच्याच्या बरण्या, पाटावरवंटा, सगळं जिथे आहे तिथे. ते जाहिरातीत टाकायचे नाहीत, ते तुमचे. मी अशा घरांमध्ये जाते तेव्हा बहुतेक वेळा आवराआवर झालेली असते आणि मग कुणीतरी बहीण मला हळूच विचारते की आधीचा एखादा फोटो काढायला हवा होता का हो, आणि तेव्हा माझ्याकडे द्यायला काही नसतं.

तुमची आई चुलीपाशी ज्यावर बसायची तो पाट किंवा स्टूल अजून तिथेच असेल तर पहिला फोटो त्याचा घ्या, दुपारी मागच्या दारातून उजेड आत येतो तेव्हा, आणि तो जिथे आहे तिथून हलवू नका.